क्लायंटच्या वर्षअखेरच्या पार्टीला जायचं का?

ताई, नमस्कार.

मी स्वतंत्रपणे काम करणारी डिझायनर आहे. गेली दोन वर्षं एकाच कंपनीचं काम करते आहे, दर सहा महिन्यांनी करार पुढे वाढतो. कागदोपत्री मी ‘व्हेंडर’ आणि महिन्याच्या शेवटी बिल पाठवते. प्रत्यक्षात मात्र रोज सकाळी त्यांच्या टीमबरोबर मीटिंग असते, लॅपटॉप त्यांचा, मेल आयडी त्यांच्या नावाचा आणि सुट्टी हवी असली की टीम लीडला विचारायचं. दुसऱ्या कुणाचं काम घ्यायला वेळच उरत नाही.

आता त्यांची वर्षअखेरची पार्टी आहे. टीम लीडने चॅटवर लिहिलं, “तू येतेयस, आम्ही धरून चाललोय.” एचआरचा मेल मला आलेला नाही, तो फक्त कर्मचाऱ्यांना गेला असावा. माझा एक मित्र ब्रिटनमधल्या क्लायंटचं काम स्वतःच्या कंपनीमार्फत करतो. तो म्हणाला, “अजिबात जाऊ नकोस. पार्टीला गेलीस की तू कर्मचारी ठरतेस, मग करखातं मागे लागेल.” तेव्हापासून मला धास्ती बसली आहे.

गेल्या वर्षी मी गेले होते. तिथे दुसऱ्या एका विभागाच्या प्रमुखांनी गप्पांच्या ओघात विचारलं, “आमच्या रिपोर्टचं मुखपृष्ठ तूच करशील ना?” मी हसून हो म्हटलं. मुखपृष्ठाचा हळूहळू अख्खा रिपोर्ट झाला आणि त्याचे पैसे मागायचं मला शेवटपर्यंत जमलं नाही.

शिवाय काही बारीकसारीक प्रश्न आहेत. त्या वेळेचे तास बिलात लावायचे का? कुणी कुणाला भेटवस्तू द्यायची ते ठरवायच्या चिठ्ठ्यांत माझंही नाव टाकलंय, त्यात भाग घ्यावा का? नवऱ्याला नेलं तर चालेल का? आणि खरं सांगू? मला जावंसं वाटतंय. ही माणसं मला आवडतात. पण तिथे गेलं की आपण यांच्यातले नाही हेही सारखं जाणवत राहतं.

एक वाचक

नमस्कार,

आधी थेट उत्तर देते. जा. फक्त एचआरकडून तुमचं नाव यादीत आहे याची खात्री करून घ्या आणि तिथे पाहुणी म्हणून जा. त्या एका संध्याकाळीमुळे तुम्ही कर्मचारी ठरणार नाही. तुमच्या पत्रात काळजी करण्यासारखं बरंच काही आहे, पण ते पार्टीच्या परिच्छेदात नाही, त्याच्या आधीच्या परिच्छेदात आहे. तिकडे येतेच.

मित्राचा सल्ला आधी बघू. त्याची भीती पोकळ नाही. ब्रिटनमध्ये ‘आयआर ३५’ नावाचे नियम एप्रिल २००० पासून लागू आहेत. स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणारा माणूस प्रत्यक्षात क्लायंटच्या नोकरासारखाच राबत असेल, तर त्याच्यावर करही नोकरदारासारखाच बसवायचा, असा त्यांचा रोख. खाजगी क्षेत्रातल्या मध्यम आणि मोठ्या क्लायंटांच्या बाबतीत हा निर्णय घेण्याची जबाबदारी एप्रिल २०२१ पासून क्लायंटवर गेली, छोट्या क्लायंटांच्या बाबतीत मात्र ती अजून कॉन्ट्रॅक्टरच्या कंपनीवरच आहे. तिथे माणूस त्या संस्थेचा भाग होऊन गेला आहे का, हाही एक मुद्दा तपासला जातो. त्यामुळे तिथले कॉन्ट्रॅक्टर पार्टी, कॅन्टीनची सवलत, कंपनीचा टी-शर्ट असल्या गोष्टींपासून चार हात लांब राहतात. तुमचा मित्र त्या वातावरणात काम करतो, म्हणून तो तसं बोलला. पण तिथेही निकाल एका जेवणावर लागत नाही, दोघांमधल्या सगळ्या व्यवहाराचं एकत्र चित्र बघितलं जातं.

या विषयात मला सर्वांत बोलका वाटतो तो अमेरिकेतला मायक्रोसॉफ्टचा खटला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीकडे सॉफ्टवेअर तपासणारे, प्रूफं वाचणारे, सूची करणारे असे अनेक जण ‘फ्रीलान्सर’ म्हणून काम करत होते. आपण स्वतंत्र कंत्राटदार आहोत असं त्यांनी लिहूनही दिलं होतं. १९८९-९० मध्ये तिथल्या करखात्याने तपासणी केली आणि ही माणसं प्रत्यक्षात कर्मचारीच आहेत असं ठरवलं. मग त्या लोकांनी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या लाभांसाठी दावा लावला. प्रकरण वरच्या न्यायालयात गेलं आणि २००० साली कंपनीने ९ कोटी ७० लाख डॉलरची तडजोड मान्य केली.

यातला तुमच्या कामाचा भाग पुढे आहे. १९९६ च्या निकालात न्यायालयाने या लोकांचं रोजचं काम कसं चालायचं ते नोंदवून ठेवलं आहे. नेहमीच्या कर्मचाऱ्यांबरोबर एकाच टीममध्ये, त्यांच्याच साहेबांच्या हाताखाली, त्याच वेळात, तेच काम. साधनसामग्री कंपनीची. फरक एवढाच की त्यांच्या बॅजचा रंग वेगळा होता, मेलचा पत्ता वेगळ्या धाटणीचा होता, पैसे पगारपत्रकातून न येता बिलावर मिळत होते आणि कंपनीच्या अधिकृत समारंभांना त्यांना बोलावलं जात नव्हतं. म्हणजे पार्टीपासून लांब ठेवूनही कंपनी वाचली नाही. काम कोणाच्या हुकुमाने, कोणाच्या वेळेत आणि कोणाच्या साधनांनी चालतं, यावर सगळं ठरलं. समारंभाला न बोलावणं हे फक्त वरवरचं वेगळेपण होतं.

एवढ्या मोठ्या रकमेनंतर बड्या कंपन्यांचे वकील सावध झाले नसते तरच नवल. कॉन्ट्रॅक्टरला पार्टीला बोलावू नका, बक्षीस देऊ नका, कंपनीच्या नावाचं जाकीट देऊ नका, अशा सूचना आज अनेक ठिकाणी एचआरच्या फाइलमध्ये असतात. तुम्हाला एचआरचा मेल न येण्यामागेही असंच काही असू शकेल किंवा ती यादी पगारपत्रकावरून आपोआप निघाली असेल. दोन्हींत तुमचा अपमान नाही. वर्षभर खांद्याला खांदा लावून काम करायचं आणि जेवणाच्या दिवशी आपलंच नाव गाळलेलं बघायचं, हे लागतं हे मला ठाऊक आहे. पण ज्याने नाव गाळलं त्याने बहुतेक वेळा तुम्हाला कधी पाहिलेलंही नसतं. त्यामुळे तो राग टीमवर काढू नका.

आता तुमच्या पत्रातला तो पहिला परिच्छेद. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ साली एक शिफारस केली, क्रमांक १९८. एखादं नातं नोकरीचं आहे की नाही हे ओळखायच्या खुणा त्यात दिल्या आहेत. काम दुसऱ्याच्या सूचनेनुसार आणि नियंत्रणाखाली होतं का? ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या जागी करावं लागतं का? ते स्वतःच करावं लागतं की दुसऱ्याकडून करून घेता येतं? साधनं कोण पुरवतं? मोबदला ठरावीक काळाने येतो का आणि तोच उत्पन्नाचा एकमेव किंवा मुख्य आधार आहे का? माणूस त्या संस्थेच्या रचनेत सामावला गेला आहे का? आणि करारात काहीही लिहिलेलं असो, प्रत्यक्षात काय घडतं ते आधी बघावं, असंही ती शिफारस सांगते. अमेरिकेच्या करखात्याने १९८७ मध्ये अशीच २० मुद्द्यांची यादी काढली होती. त्या वीसांत वर्षअखेरच्या पार्टीचा मुद्दा नाही.

या खुणा स्वतःला लावून पाहा. रोजची मीटिंग त्यांच्या वेळेवर. लॅपटॉप त्यांचा. मेल आयडी त्यांचा. सुट्टी विचारून. दोन वर्षं दुसरा क्लायंट नाही. तुम्ही पार्टीला गेलात काय, न गेलात काय, या पाच गोष्टी जिथल्या तिथे राहतात. मित्राने तुम्हाला दाराशी सावध केलं, पण घरातलं सामान कोणी बघितलंच नाही.

घाबरू मात्र नका. अशा प्रकरणांत बहुतेक ठिकाणी मुख्य जोखीम काम देणाऱ्याची असते, कारण बुडालेला कर आणि न दिलेले लाभ त्याच्याकडून वसूल होतात. काम करणाऱ्याच्या पदरात उलट हक्क पडू शकतात. तुमच्या मित्रासारखी स्वतःची कंपनी मध्ये असली की चित्र बदलतं. तुमच्या बाबतीत नेमकं काय लागू होतं, ते तुम्ही जिथे कर भरता तिथल्या सनदी लेखापालाला आणि जमलं तर कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला करार दाखवून विचारा. तेवढी फी सत्कारणी लागेल.

तोवर चार गोष्टी तुमच्या हातात आहेत. बाहेरच्या पत्रव्यवहाराला स्वतःचा मेल आयडी वापरायला सुरुवात करा. सुट्टी मागू नका, “अमुक तारखांना मी उपलब्ध नसेन, काम तमुक दिवशी मिळेल” असं कळवा. करार पुढे वाढवताना त्यात हजेरीऐवजी काय काम करून द्यायचं ते लिहून घ्या. आणि एक दुसरा क्लायंट शोधा, छोटासा का होईना. याने कायद्याचं काय होईल ते होईल, पण उद्या या कंपनीने करार वाढवला नाही तर तुमची चूल त्या एका निर्णयावर अवलंबून नसेल. मला तुमच्या पत्रात सर्वांत जास्त काळजी याचीच वाटली. आणि हे सगळं वाचून “मला तर नोकरीच हवी आहे” असं तुमच्या मनात आलं असेल, तर त्यातही लाजण्यासारखं काही नाही. तसं स्पष्ट विचारा. पार्टीत मात्र नको, नव्या वर्षात वेळ मागून घ्या आणि समोर बसून बोला.

आता आमंत्रणाकडे येऊ. टीम लीडने प्रेमाने लिहिलं हे खरं, पण चॅटवरची ओळ म्हणजे यादीतलं नाव नव्हे. माझ्या ओळखीतली एक चित्रकार अशाच तोंडी बोलावण्यावर एका क्लायंटच्या समारंभाला गेली. दाराशी टेबलावर छापील नावांचे बिल्ले आडनावांच्या क्रमाने मांडून ठेवले होते. टेबलामागच्या मुलीने यादीवरून बोट वरून खाली फिरवलं, मग खालून वर फिरवलं, मग फोन केला. तोवर मागे रांग लागली. अखेर तिने एका कोऱ्या स्टिकरवर पेनाने ‘पाहुणे’ असं लिहून दिलं, त्यावर नावही नाही. सगळ्यांच्या गळ्यात छापील नाव आणि हिच्या खांद्यावर ते स्टिकर. ती तासभर पर्सचा पट्टा त्यावर ओढून उभी होती. टीम लीडने मुद्दाम काही केलं नव्हतं, त्याच्या डोक्यात यादीचा विषयच आला नव्हता. म्हणून तुम्ही त्यांना आजच दोन ओळी लिहा: “तुम्ही आठवणीने विचारलंत, बरं वाटलं. मला यायला आवडेल. मी कॉन्ट्रॅक्टवर असल्यामुळे एचआरची हरकत नाही ना आणि माझं नाव यादीत आहे ना, तेवढं बघाल का?” त्यांनी विचारलं आणि एचआरने नाही म्हटलं, तर विषय संपला. तुम्ही नियम मोडून शिरला नाहीत आणि टीम लीडही अडचणीत आले नाहीत.

तुमच्या आणि कंपनीच्या मध्ये माणसं पुरवणारी एखादी एजन्सी असेल तर आणखी एक पायरी वाढते. काही एजन्सी आपल्या माणसांनी क्लायंटच्या कार्यक्रमाला जाण्याआधी कळवावं अशी अट घालतात. करार चाळून बघा.

बिलाबद्दल तुम्ही ‘बारीकसारीक’ म्हणालात, पण संबंध यावरूनच बिघडतात. तुम्ही पाहुण्या असाल तर ते तास बिलात येत नाहीत. प्रवासखर्चही आपलाच. एखादी ओळ ‘बैठक’ म्हणून बिलात सरकवायचा मोह झाला तरी तसं करू नका, हिशेब बघणाऱ्याला तारीख दिसते. क्लायंट सरकारी खातं असेल तर याबाबत फारच जपून. सरकारी पैशातून पार्टीचे तास उकळले असा आरोप अंगावर घेण्याएवढी कुठलीच पार्टी मोठी नसते. पण त्यांनी तुमच्याकडून काही करून घेतलं, म्हणजे पडद्यावरच्या स्लाइड, निमंत्रणाचं डिझाइन, कार्यक्रमाचे फोटो, तर ते काम आहे आणि कामाचे पैसे होतात. “तू येणारच आहेस, तर कॅमेरा घेऊन ये ना” हे वाक्य कानावर आलं की लगेच विचारा, “हे बिलात धरू ना?” आधी विचारलं तर कुणालाच अवघड वाटत नाही. तसंच दुपारी दोनपासून सक्तीची कार्यशाळा आणि तिला जोडून जेवण असा बेत असेल, तर कार्यशाळेच्या तासांचं काय ते आधी मेलवर ठरवून घ्या. मुक्कामाची सहल असेल तर खोलीचा खर्च कोण करणार हे विचारा. वाटेत काही अपघात झाला तर कर्मचाऱ्यांना कंपनीच्या विम्याचा किंवा भरपाईच्या तरतुदीचा आधार मिळू शकतो, कॉन्ट्रॅक्टरला तो सहसा नसतो, म्हणून आपला विमा चालू आहे ना ते पाहा.

गेल्या वर्षीच्या त्या रिपोर्टवर मला जरा थांबायचंय, कारण माझ्या मते या पार्टीतला खरा धोका तोच आहे. करखातं तुमच्यामागे लागण्याची शक्यता कमी. पण हसत-खेळत एखादं काम तुमच्या गळ्यात पडण्याची शक्यता दर वर्षी असते. पार्टीत माणसं सैल झालेली असतात, समोरचा वरिष्ठ असतो, आजूबाजूला चार जण ऐकत असतात आणि नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. विचारणाऱ्याच्या मनातही कदाचित फसवणूक नसते. त्याच्या टीममधल्या पगारदार माणसाला तो असंच विचारतो, तो माणूस हो म्हणतो आणि महिन्याचा पगार तेवढाच राहतो. तुमचं तसं नाही, तुमचा प्रत्येक तास तुमच्याच खिशातून जातो, हे त्याच्या लक्षातच आलेलं नसतं. ते लक्षात आणून देणं तुमच्याकडे.

त्यासाठी नाही म्हणायची गरज नाही. “मला करायला आवडेल. सोमवारी मेलवर तपशील पाठवाल का? म्हणजे मी वेळ आणि खर्च कळवते,” एवढं म्हणा. हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघा, आपल्याच तोंडून ऐकलेलं असलं की ऐन वेळी अडखळायला होत नाही. सोमवारी त्यांचा मेल आला तर ते काम, नाही आला तर त्या नुसत्या गप्पा होत्या. आला तर उत्तरात आकडा पहिल्याच मेलमध्ये लिहा, चौथ्या मेलपर्यंत थांबू नका. आणि कंपनीत खर्चाला मंजुरी देण्याचा अधिकार कुणाला आहे तेही विचारा, कारण दुसऱ्या विभागाचं काम तुमच्या चालू करारात बसतं असं कुणी परस्पर गृहीत धरायला नको. गेल्या वर्षीच्या रिपोर्टचे पैसे आता मागावेत का? माझं मत, त्यासाठी वेगळं बिल पाठवू नका, पण करार वाढवायच्या बोलण्यात तो उल्लेख जरूर करा: “गेल्या वर्षी मूळ कामाव्यतिरिक्त मी एक संपूर्ण रिपोर्ट केला, यंदा अशा कामांसाठी वेगळा दर धरू.” हे तुमच्या हक्काचं बोलणं आहे, आवाज खाली आणू नका.

तिथे गेल्यावर कसं वागायचं याची संहिता मी देणार नाही, तुम्ही गेल्या वर्षी जाऊन आलाच आहात. दोन-तीन गोष्टी मात्र सांगते. हिशेब विभागातली जी व्यक्ती तुमची बिलं पास करते, तिला शोधून भेटा. दोन वर्षं तुम्ही तिचं नाव फक्त मेलच्या तळाशी वाचलंय. “तुमच्यामुळे माझे पैसे वेळेवर येतात” असं तिला कुणी कधी म्हणालं असेल का? अख्ख्या संध्याकाळीत त्या दोन मिनिटांइतका खरा उपयोग दुसऱ्या कशाचा होणार नाही आणि ते बोलणं मनापासूनचंही असेल. कर्मचारी मैत्रीण “तुला तर तासाला भरपूर मिळत असतील” म्हणाली तर आकडा सांगू नका, तिचा पगारही विचारू नका. बढत्या, बोनस, कुणाला काढणार याच्या चर्चा सुरू झाल्या तर तिथून हळूच दुसऱ्या टेबलाकडे सरका. ती माहिती तुमच्यासाठी नाही आणि उद्या ती बाहेर फुटली तर पहिला संशय बाहेरच्या माणसावर जातो. टीमचा फोटो काढताना कुणी ओढलंच तर खुशाल उभ्या राहा. फक्त तो फोटो तुमच्या पानावर टाकताना खाली ‘आमची कंपनी’ लिहू नका आणि क्लायंटला फोटो प्रसिद्ध केलेला चालतो का ते विचारून घ्या.

एक गंभीर गोष्टही सांगायला हवी. पार्टीत कुणी नको तसं बोललं किंवा अंगचटीला आलं, तर “मी तर इथली कर्मचारी नाही, तक्रार कुठे करू” असं समजून गप्प बसू नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या करार क्रमांक १९० मध्ये कामाशी संबंधित कार्यक्रम आणि सामाजिक समारंभांतला छळही धरलेला आहे आणि त्याचं संरक्षण करार कोणत्या प्रकारचा आहे यावर अवलंबून नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या भारतातल्या २०१३ च्या कायद्यातही तक्रार करणारी स्त्री तिथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. तारीख, वेळ, कोण हजर होतं, हे त्याच रात्री लिहून ठेवा आणि कंपनीच्या अंतर्गत समितीकडे किंवा एचआरकडे लेखी द्या. करार वाढणार नाही या भीतीने कॉन्ट्रॅक्टर बायका हे गिळून टाकतात, हे मी अनेक पत्रांत वाचते. असं वाचलं की त्या दिवशी दुसरं काही लिहवत नाही.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सर्वांत खरं वाटलं. आपण यांच्यातले नाही असं सारखं जाणवतं, असं तुम्ही म्हणता. अहो, ते जाणवणारच. व्यासपीठावरून वर्षाचे उत्कृष्ट कर्मचारी जाहीर होतात, पाच वर्षं पूर्ण झालेल्यांना मानचिन्ह मिळतं आणि ज्या कामासाठी टाळ्या पडतात त्यातलं निम्मं तुम्ही केलेलं असतं. तुमचं नाव घेतलं जात नाही, घेताही येत नाही. तो क्षण टाळायचा असेल तर जेवण करून, टीमला भेटून, बक्षिसांच्या आधी निघा, कुणालाही वावगं वाटणार नाही. थांबलात तर टाळ्या मोकळेपणाने वाजवा. पण या एका गोष्टीवरून त्या माणसांचं प्रेम खोटं ठरवू नका. टीम लीडने कुठल्याही यादीत न बघता तुम्हाला धरून चालणं, ही त्यांच्याकडून तुमच्या कामाला मिळालेली दाद आहे. ज्यांच्याबरोबर रोज काम करतो त्यांच्याबरोबर एक संध्याकाळ बसावंसं वाटणं हे माणसासारखं आहे, त्यासाठी कुठल्या करारात कलम शोधायची गरज नाही. एकट्याने काम करणाऱ्यांना सोबतीची भूक असते आणि ती भागवायला तुमच्यासारख्याच स्वतंत्र काम करणाऱ्या चार जणी गाठून महिन्यातून एकदा भेटलात तर फार बरं. क्लायंटच्या टीमने ती सगळी भूक भागवावी अशी अपेक्षा ठेवली की वाट्याला दुखणंच येतं.

आणि नाही जावंसं वाटलं तरी मोकळ्या मनाने नाही म्हणा. दमला आहात, घरी लहान मूल आहे, असले घोळके आवडत नाहीत, कारण कुठलंही असो. हजर राहायची सक्ती नसणं हा तुमच्या कामाच्या पद्धतीचा एक चांगला भाग आहे. फक्त लवकर कळवा, म्हणजे ताट वाया जात नाही. तुमचं एखादं बिल अडकलेलं असेल किंवा काही वाद चालू असेल, तर मी म्हणेन यंदा जाऊच नका. तिथे तो विषय निघाल्याशिवाय राहणार नाही आणि तो तिथे सुटणारही नाही.

चिठ्ठ्यांचं विचारलंत. रक्कम ठरलेली आणि छोटी असेल, सगळे घेतायत, तर घ्या भाग, त्यात मजा असते. टीम लीडला किंवा करारावर सही करणाऱ्याला वेगळी महागडी भेट मात्र देऊ नका. व्हेंडरकडून काय घ्यावं, काय घेऊ नये याचे नियम बऱ्याच कंपन्यांत असतात. अमेरिकेच्या संघीय कर्मचाऱ्याला तर, काही अपवाद सोडले, तर एका वेळी २० डॉलरच्या वरची भेट बाहेरच्याकडून घेताच येत नाही. तुमच्या चांगल्या हेतूने त्यांची नोकरी अडचणीत यायला नको. दोन ओळींचं हाताने लिहिलेलं शुभेच्छापत्र द्या, त्यावर तुमचंच चित्र असेल तर आणखी छान.

नवऱ्याला नेण्याबद्दल: आमंत्रणात ‘सहकुटुंब’ असेल तरच न्या. नसेल तर विचारूही नका, कारण ते नाही म्हणू शकणार नाहीत. आणि टीम लीडला ती दोन ओळींची चिठ्ठी आजच पाठवा. एचआर काय म्हणालं ते मला जरूर कळवा. करार वाढवायची बोलणी सुरू होतील तेव्हाही लिहा, दर कसा मांडायचा ते आपण बघू.

तुमची ताई